पांडुरंग सदाशिव खानखोजे

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे (७ नोव्हेंबर १८८४, वर्धा – २२ जानेवारी १९६७, नागपूर) हे भारतीय क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ होते. गदर पक्षाच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. पहिल्या महायुद्धानंतर मायदेशी परतणे अशक्य झाल्यामुळे ते इ.स. १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले. तेथील चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापन करीत असताना त्यांनी मका, गहू व कडधान्ये या पिकांच्या सुधारित वाणांवर काम केले. मका आणि त्याचा रानटी आप्त तेओसिंते यांच्या संकराचे त्यांचे प्रयोग, तसेच मेक्सिकोतील गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी उभारलेल्या मुक्त कृषिशाळा विशेष प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात त्यांचे नाव बहुधा क्रांतिकारकांच्या यादीत घेतले जाते. त्यांच्या आयुष्याचा अधिक मोठा भाग मात्र मक्याच्या शेतात गेला.

बालपण आणि शिक्षण

खानखोजे यांचे बालपण वर्ध्यात गेले. प्राथमिक व माध्यमिक शिक्षण तेथे घेऊन पुढील शिक्षणासाठी ते नागपूरला आले. त्या काळच्या मध्य प्रांतातील मराठी तरुणांवर लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा मोठा प्रभाव होता आणि खानखोजे विद्यार्थिदशेतच त्या प्रभावाखाली आले. सशस्त्र उठावासाठी लष्करी शिक्षण आवश्यक आहे व ते ब्रिटिश अमलाखालील भारतात मिळणार नाही, अशी त्यांची धारणा झाली. परदेशी जाण्यापूर्वी त्यांनी टिळकांची भेट घेतली आणि त्यांच्या सल्ल्यानुसार प्रथम जपानचा मार्ग धरला. रशियावरील विजयानंतर जपान हे आशियातील तरुणांचे आशास्थान बनले होते.

शेतीचा विषयही याच काळात त्यांच्या मनात रुजला असावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनी मध्य प्रांत व वऱ्हाड होरपळून निघाले होते. १८९९–१९०० चा दुष्काळ, म्हणजे लोकांच्या आठवणीतला छप्पनचा काळ, खानखोजे पंधरा वर्षांचे असताना पडला. पुढे त्यांनी शिकण्यासाठी निवडलेला विषय पाहता हा संबंध दुर्लक्षिता येत नाही.

अमेरिकेतील वास्तव्य आणि गदर पक्ष

जपान व चीनमध्ये काही काळ राहून खानखोजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. त्यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शेतीशास्त्रासाठी नाव नोंदवले आणि पाठोपाठ सॅन राफेल येथील माउंट टॅमलपाय लष्करी अकादमीत प्रवेश घेऊन तेथील शिक्षणक्रम पूर्ण केला. त्यानंतर ऑरेगन राज्यातील कॉर्व्हॅलिस येथील कृषिमहाविद्यालयात आणि वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथे त्यांनी कृषिशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. लष्कर आणि शेती ही जोडी विचित्र वाटते. त्यांच्या पिढीतील बहुतेक क्रांतिकारक कायदा, वैद्यक वा अभियांत्रिकी शिकत असताना पिकांचा अभ्यास करणारे खानखोजे त्यांच्यात उठून दिसतात.

पोर्टलँड व आसपासच्या लाकूडगिरण्यांत त्या वेळी पंजाबी मजूर मोठ्या संख्येने काम करीत. पंडित काशीराम, सोहनसिंग भाकना इत्यादींच्या सहकार्याने खानखोजे यांनी या मजुरांमध्ये संघटनेचे काम केले. लाला हरदयाळ आल्यानंतर या कामाला मोठे रूप आले आणि १९१३ मध्ये गदर पक्ष स्थापन झाला. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून पक्षाच्या पत्राचा पहिला अंक निघाला. पक्षातील लष्करी तयारीच्या कामाची जबाबदारी प्रामुख्याने खानखोजे यांच्याकडे होती. गदर चळवळीतील आणखी एक मराठी तरुण, तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे, भारतात परतला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी कर्तारसिंग सराभा याच्यासह लाहोर येथे फाशी गेला.

पहिले महायुद्ध आणि त्यानंतर

महायुद्ध सुरू झाल्यावर खानखोजे तुर्कस्तानमार्गे इराणमध्ये गेले. आगाशे व प्रमथनाथ दत्त हे त्यांचे सहकारी होते. इराणच्या दक्षिण भागात स्थानिक टोळ्यांच्या साह्याने ब्रिटिश फौजांविरुद्ध लढणे आणि त्या फौजांतील भारतीय शिपायांना फितवणे असे त्यांच्या गटाचे उद्दिष्ट होते. या मोहिमेत ते ब्रिटिशांच्या हाती सापडले व निसटले. जर्मनीचा पराभव झाल्यावर मोहिमेचा आधारच तुटला.

त्यानंतर ते बर्लिनमधील भारतीय क्रांतिकारकांच्या वर्तुळात आले. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त, लुहानी, नलिनी गुप्त आणि अ‍ॅग्नेस स्मेडली यांच्यासमवेत मॉस्कोला गेलेल्या शिष्टमंडळात खानखोजे होते. या भेटीतून राजकीयदृष्ट्या फारसे काही निष्पन्न झाले नाही. भारतात परतल्यास अटक अटळ होती आणि युरोपात उपजीविकेचे साधन नव्हते. अमेरिकेतील दिवसांपासूनचे मेक्सिकन परिचित, विशेषतः सॅन फ्रान्सिस्कोत वाणिज्यदूत असलेले व पुढे मेक्सिकोच्या शेतीखात्याचे मंत्री झालेले रामोन दे नेग्री, यांच्या ओळखीचा आधार घेऊन त्यांनी १९२४ मध्ये मेक्सिको गाठले. हेरंबलाल गुप्त हे दुसरे भारतीय क्रांतिकारकही तेथेच आश्रयाला होते.

चापिंगो

खानखोजे पोहोचले तेव्हा मेक्सिकोतील क्रांतीची दहा वर्षांची यादवी नुकतीच शमली होती. मोठ्या जमीनदारांच्या ताब्यातील जमिनी खेड्यांना वाटण्याचे काम सुरू होते. राजधानीच्या पूर्वेला तेक्सकोको गावाजवळ चापिंगो नावाची अशीच एक प्रचंड जमीनदारी होती. राष्ट्रीय कृषिविद्यालय १९२४ मध्ये तेथे हलवण्यात आले. जमीनदाराच्या वाड्याच्या प्रार्थनामंदिरात दिएगो रिवेरा याने १९२७ पर्यंत भित्तिचित्रे रंगवली. शेतकऱ्यांचा नेता झापाता याचे पुरलेले शरीर आणि त्यावर उगवलेला मका हे त्यांतील एक चित्र आहे. खानखोजे याच विद्यालयात अध्यापक झाले.

जमीन मिळालेल्या शेतकऱ्याजवळ बियाणे मात्र जुनेच होते. समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरांहून अधिक उंचीच्या या पठारावर पाऊस उशिरा येतो आणि शरद ऋतूत अवचित कडाका पडतो. उशिरा पेरलेला मका दाणा भरण्यापूर्वीच करपतो. त्यामुळे थंडी व अवर्षण सोसणारे आणि लवकर पक्व होणारे वाण मिळवणे ही खानखोजे यांच्या संशोधनाची मुख्य दिशा राहिली. गव्हाच्या वाणांवरही त्यांनी काम केले.

मक्यावरील संशोधन

मक्याचे मूळ स्थान मेक्सिको हे आहे. तेथील खेड्यापाड्यांत पांढरा, पिवळा, तांबडा, निळा, ठिपकेदार अशा नाना रंगांचा मका पिकतो. एका डोंगराच्या दोन उतारांवर दोन वेगळे स्थानिक वाण असणे तेथे सामान्य आहे. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी पिकांच्या उत्पत्तीची जी केंद्रे मांडली, त्यांत मेक्सिको व मध्य अमेरिका हे एक प्रमुख केंद्र आहे. त्यांच्या संस्थेचा चमू १९२५–२६ मध्ये मेक्सिकोत बियाणे गोळा करून गेला होता आणि स्वतः वाविलोव्ह १९३० मध्ये तेथे आले. खानखोजे यांचे काम याच वर्षांत आणि याच बियाण्यांच्या भांडारात चालू होते.

मक्याच्या शेतांत व बांधांवर तेओसिंते नावाचे एक रानटी गवत उगवते. फुटवे, पाने आणि तुरा यांवरून ते मक्याचे भावंड वाटते. कणीस मात्र अगदी निराळे असते. पाच-दहा दाण्यांची एक बारीक माळ आणि प्रत्येक दाण्याभोवती दगडासारखे कठीण कवच असे त्याचे स्वरूप आहे. दोघांतही गुणसूत्रांच्या दहा जोड्या असून त्यांचा संकर सहज होतो आणि संकराची संततीही फलनक्षम असते. खानखोजे यांनी या दोहोंचा संकर करून रानटी वनस्पतीचा काटकपणा पिकात आणता येतो का, हे तपासले. त्यांच्या प्रयोगांतून निर्माण झालेल्या वाणांपैकी ‘मैस ग्रानादा’ हे सर्वांत गाजले. ‘ग्रानादा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ डाळिंब असा आहे. एका कणसाच्या जागी अनेक कणसांचा गुच्छ धरणे हे या मक्याचे वैशिष्ट्य होते. या प्रयोगांवरील त्यांची ‘नवे मक्याचे वाण’ अशा अर्थाच्या शीर्षकाची स्पॅनिश पुस्तिका चापिंगोहून १९३० मध्ये प्रसिद्ध झाली.

त्या काळी वाण ओळखण्याचे साधन म्हणजे डोळे, पट्टी आणि वही. कणसावरील दाण्यांच्या ओळी किती, दाण्याचा रंग व कठीणपणा कसा, ताटाची उंची किती, तुरा किती दिवसांनी आला, पानांचा कोन कसा, या नोंदींवरून दोन वाण एकच आहेत की भिन्न, हे ठरवले जाई. या पद्धतीला दोन मर्यादा होत्या. एकच बियाणे ओलिताच्या व कोरडवाहू रानात पेरले तर उंची व फुलोऱ्याचे दिवस बदलतात. त्यात मका हे परपरागीभवनाचे पीक आहे. वाऱ्यावर येणारा परागकण शेजारच्या शेतातला असतो, त्यामुळे पिशवी बांधून परागीभवन नियंत्रित केले नाही तर वाण दोन-तीन हंगामांत आपली ओळख गमावतो. संकराच्या वंशावळीचा एकमेव पुरावा प्रयोगकर्त्याची वही हाच असे. ती हरवली किंवा प्रयोगकर्ता बदलला की वाणाचा इतिहासही संपे.

मुक्त कृषिशाळा

विद्यालयातील शिक्षण शेतमजुरांपर्यंत पोहोचत नाही, हे खानखोजे यांनी लवकरच ओळखले. शेतकरी संघटनांच्या सहकार्याने त्यांनी खेड्यांमध्ये मुक्त कृषिशाळा सुरू केल्या. शुल्क नाही, प्रवेशपरीक्षा नाही आणि शिक्षण गावाच्या स्वतःच्या शेतात, असे त्यांचे स्वरूप होते. चापिंगोजवळील ओकोपुल्को या खेड्यातील शाळेला झापाता याचे नाव देण्यात आले. बियाण्याची निवड, खत, पाणी यांबरोबर लिहिणे-वाचणेही शिकवले जाई.

इटालियन छायाचित्रकार तिना मोदोत्ती हिने या शाळांची आणि खानखोजे यांच्या मक्याची छायाचित्रे काढली. १९३० च्या आरंभी तिला मेक्सिकोतून हद्दपार करण्यात आले. आज मोदोत्तीच्या छायाचित्रांचे अभ्यासक खानखोजे यांचे नाव जाणतात आणि कित्येकदा कृषिशास्त्राचे अभ्यासक ते जाणत नाहीत, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. दिएगो रिवेरा यानेही राजधानीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरील, भाकरी वाटून घेण्याच्या प्रसंगाच्या भित्तिचित्रात मेजाच्या मध्यभागी भाकरी मोडणारी व्यक्ती खानखोजे यांच्यावरून रंगवली, असे मानले जाते.

खानखोजे यांनी १९३६ मध्ये जान आलेक्सांद्रीन सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या.

नंतरचे संशोधन आणि खानखोजे यांच्या प्रश्नांची उत्तरे

१९४३ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साह्याने मेक्सिको सरकारने पीकसुधारणेचा नवा कार्यक्रम हाती घेतला आणि पुढील वर्षी नॉर्मन बोरलॉग त्यात दाखल झाले. मेक्सिकोतील या कामाची कथा बहुधा येथूनच सांगितली जाते. त्यापूर्वी दोन दशके त्याच पठारावर, त्याच चापिंगोमध्ये शेतकऱ्यांच्या बियाण्यांवर काम झाले होते, याचा उल्लेख त्या कथेत क्वचितच येतो. याच कार्यक्रमात मेक्सिकोतील मक्याच्या देशी वाणांचा पद्धतशीर संग्रह झाला आणि १९५१ च्या ग्रंथात वेलहाउझेन, रॉबर्ट्स, एर्नान्देस व मँगल्सडॉर्फ यांनी त्यांचे २५ वंश वर्णिले. हे वर्गीकरणही मुख्यतः कणसाच्या बाह्य रूपावर आधारलेले होते. तेक्सकोकोजवळच १९६६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राच्या जनुकपेढीत आज मक्याचे २८,००० च्या आसपास नमुने जतन केलेले आहेत.

तेओसिंतेपासूनच मका निर्माण झाला की नाही, हा वाद खानखोजे यांच्या हयातीत मिटला नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मँगल्सडॉर्फ व रीव्हज यांनी मक्याचा पूर्वज वेगळा व आता नामशेष असल्याचे मत मांडले, तर जॉर्ज बीडल यांनी तेओसिंते हाच पूर्वज मानला. १९७० च्या दशकाच्या आरंभी बीडल यांनी मेक्सिकोत दोहोंच्या संकराच्या दुसऱ्या पिढीतील ५०,००० झाडे वाढवली. त्यांपैकी साधारण दर पाचशे झाडांत एक मक्यासारखे व एक तेओसिंतेसारखे निघाले. त्यावरून चार-पाच प्रमुख जनुकांच्या फरकाने गवताचे पीक झाले असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

निर्णायक पुरावा डीएनए-चिन्हकांनी दिला. वनस्पतीच्या डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि त्याची पुनरावृत्ती वाणागणिक कमीअधिक असते. त्या जागेचा तुकडा पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेने वाढवून विद्युतक्षेत्रात जेलमधून सरकवला की लांबीनुसार पट्टे वेगवेगळे पडतात. रान ओलिताचे असो वा कोरडवाहू, हे पट्टे बदलत नाहीत. २००२ मध्ये मात्सुओका, डोब्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी मका व तेओसिंते यांच्या २६४ झाडांतील अशा ९९ जागा तपासल्या. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यातल्या तेओसिंतेपासून मका एकदाच घडला, असे त्यातून दिसून आले. पुढे उंच पठारावर गेलेल्या मक्यात तेथील दुसऱ्या प्रकारच्या तेओसिंतेचा अंश मिसळला. चापिंगोच्या आसपास उगवणारा तेओसिंते याच पठारी प्रकारातला आहे. खानखोजे यांनी हाताने परागकण शिंपून जो संकर केला, तो त्या शेतांत वाऱ्याने शतकानुशतके होत आला होता.

वाण ओळखण्याचा प्रश्न महाराष्ट्रातील मका उत्पादकांनाही अपरिचित नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत भारतात आल्याचे मानले जाणारे हे पीक आज खानदेशात खरिपाचे महत्त्वाचे पीक आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पांझरेकाठच्या पिंपळनेर परिसरात, शेतकरी दर वर्षी संकरित बियाण्याची पिशवी विकत घेतो. पिशवीतील बियाणे वर लिहिलेल्या वाणाचेच आहे की नाही, हे त्याला पीक उभे राहिल्यावरच कळते आणि तोवर हंगाम गेलेला असतो. संकरित मक्यात आईवाणाचा व बापवाणाचा असे दोन्ही पट्टे दिसावे लागतात. एकच दिसला तर तो दाणा स्वपरागीभवनाचा, म्हणजे संकर नव्हे. शेतात पेरून करावयाच्या चाचणीला जेथे एक हंगाम लागतो, तेथे ही तपासणी काही दिवसांत होते. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या देशी मक्याबाबत मात्र एका दाण्यावरून निर्णय देता येत नाही. त्यातील प्रत्येक झाड थोडे वेगळे असते. म्हणून अनेक झाडांचे नमुने घेऊन संपूर्ण वाणातील विविधता मोजावी लागते. वनस्पतींचे वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ खाली वाणाची नोंदणी करताना वेगळेपणा, एकसारखेपणा व स्थैर्य तपासले जाते. ही तपासणी आजही प्रामुख्याने बाह्य लक्षणांवरून होते आणि डीएनए-चिन्हकांचा उपयोग पूरक म्हणून केला जातो. अर्थात, खानखोजे यांची पट्टी आणि वही अजून पूर्णपणे निवृत्त झालेली नाही.

भारतात पुनरागमन आणि मृत्यू

ब्रिटिश राजवटीत खानखोजे यांना भारतात येण्यास बंदी होती. स्वातंत्र्यानंतरही जुन्या सरकारी याद्यांतील त्यांचे नाव निघाले नव्हते आणि त्यामुळे मायदेशी प्रवेशाच्या वेळी त्यांना अडथळा सोसावा लागला. ज्या सरकारसाठी त्यांनी आयुष्य पणाला लावले, त्याच्याच अधिकाऱ्यांपुढे त्यांना आपली ओळख सिद्ध करावी लागली. १९४९ मध्ये ते भारतात आले आणि मध्य प्रांताच्या सरकारला त्यांनी शेतीविषयक सल्ला दिला. त्यानंतर ते पुन्हा मेक्सिकोला गेले आणि १९५० च्या दशकात सहकुटुंब नागपूरला कायमचे परतले. भारतात त्यांना मेक्सिकोसारखे संशोधनक्षेत्र वा संस्था लाभली नाही. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

चरित्रे आणि स्मारके

वीणा गवाणकर यांनी ‘डॉ. खानखोजे : नाही चिरा...’ हे त्यांचे मराठी चरित्र लिहिले असून मराठी वाचकांना खानखोजे यांचा परिचय मुख्यतः या पुस्तकामुळे झाला. कन्या सावित्री साहनी यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगो विद्यापीठाच्या आवारात खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.